हरवलेल्या मेंढीची साक्ष

मेंढराचं कोणी ऐकून घेत नाही. खाली मान घालून एकामागे एक चालावं, एवढाच आमचा लौकिक. तरी मी बोलणार आहे, कारण घडलं ते पाहणारी मी एकटीच आहे. माझं नाव मार्था. हसनाबादजवळच्या एका वाडीत ख्रिस्ती मंडळी आहे, तिथली मी मेंढी.

बहात्तरच्या दुष्काळात वाडीतली जनावरं गेली. पुढच्या वर्षी मंडळीच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे पाद्रीसाहेबांनी, कुठूनशी मदत आणली आणि घरटी एक-दोन मेंढ्या वाटल्या. मी कडूबाच्या वाट्याला आले. सगळ्या मिळून आम्ही तेवीस, आणि राखणीचं काम मंडळीनं कडूबाच्याच गळ्यात घातलं. बिचाऱ्यानं दुष्काळात खडी फोडलेली. मेंढरू कशाशी खातात हे त्याच्या सात पिढ्यांना ठाऊक नव्हतं. मग तो ही विद्या रविवारच्या उपदेशातून शिकला.

चांगला मेंढपाळ मेंढरांना नावानं ओळखतो असं साहेब म्हणाले, की यानं तेवीसजणींना शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, नावं ठेवली. मेंढपाळ पुढं चालतो म्हणाले, की हा काठी घेऊन पुढं. मागं आम्ही लोकांची मेथी फस्त करतोय याचा त्याला पत्ता नाही. वाडी हसायची. पण माया होती हो त्या माणसाची! तशी मी नंतर पाहिली नाही.

माळावर सर्जेराव धनगर भेटायचा. त्यानं एकदा बजावलं, "कडूबा, एखांदी गेली तर जाऊ दे. कळप सोडू नको. मेंढराला बिलकुल अक्कल न्हाई."

"आमच्या शास्त्रात उलटं हाय," कडूबा म्हणाला. "नव्व्याण्णव सोडायच्या आन् एकीला हुडकायचं."

"मंग त्या नव्व्याण्णवांपाशी कोण थांबतं?"

"रविवारी साहेबाला इचारतो," कडूबा म्हणाला. ते विचारायचं राहून गेलं.

तो श्रावण कोरडाच चालला होता. पावसानं वीस दिवस ओढ दिलेली, कोवळी ज्वारी उभ्या जागी सुकत होती. ओढ्यात हिरवं गवत दिसलं म्हणून मी गुपचूप खाली उतरले, पोट भरलं आणि करंजाच्या सावलीत बसले. वर कडूबानं मोजलं तर बावीस. माझं आणि रूथचं तोंड सारखंच काळं, तिलाच तो मार्था समजला असणार. रूथ ही चतुराबाई नावाच्या विधवेची एकुलती एक मेंढी.

थोड्या वेळानं उन्हातून हाक आली. "रूथ! ये गं माय, चतुराबाईला काय तोंड दाखवू?"

मी ऐकलं. पण ते माझं नाव नव्हतं, आणि उठायचा कंटाळा आला. मी गप्प बसले. तो काट्याकुट्यातून तासभर फिरला. शेवटी मी दिसले तेव्हा मटकन खाली बसला आणि म्हणाला, "अगं, तू होय?" मग हसला, रडला, आणि प्रार्थनामंदिरातल्या तसबिरीतल्या मेंढपाळासारखं मला खांद्यावर घेऊन निघाला.

वर बांधापाशी कळप ज्वारीत शिरला होता. पाण्यावाचून सुकलेली कोवळी ज्वारी म्हणजे विष, हे धनगराचं शेंबडं पोरही सांगेल. शास्त्रात ज्वारी नाही. काही तडफडत होत्या, काही निपचित पडल्या होत्या. अठरा मेल्या. त्यांत रूथही.

संध्याकाळी मंदिराच्या अंगणात सगळे जमले. चतुराबाई पुढं आली.

"समद्यांच्या मेल्या आन् तुझीच तेवढी खांद्यावर बसून आली व्हय रे?"

"बाई, देवाशपथ, मला वाटलं तुझीच रूथ गेली. म्हून धावत गेल्तो."

"आता काय बी सांगशील!"

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. मी जीव तोडून ओरडले, की तो खरं बोलतोय, त्यानं हाक रूथलाच मारली होती. कोणीतरी म्हणालं, "भुकेली दिसती," आणि माझ्यापुढं पाला टाकला. लाज वाटते सांगायला, पण मी तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी कडूबानं मला चतुराबाईच्या दारी बांधलं आणि वाडी सोडली. आता तो बदनापूरच्या स्टेशनावर पोती वाहतो म्हणे. चतुराबाई मला वेळेवर पाणी पाजते, पण नावानं हाक मारत नाही.

तुमच्यापैकी कोणी तिकडं जाणार असाल तर त्याला एवढं सांगा, की मार्थाला सगळं माहीत आहे. तिचं चुकलं. तिनं ओ द्यायला हवी होती.

मंडळी अजूनही दर रविवारी जमते, आणि हरवलेल्यांसाठी डोळे मिटून प्रार्थना करते. कडूबा कुठं आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळच्या गाडीनं निघालं तर दिवस मावळायच्या आत परत येता येतं. वर्ष होत आलं, अजून कोणी गेलेलं नाही.