डॉक्टरीणबाईंचा अंगठा

“बाई, केलंत तुम्ही, आता निस्तरा तुम्हीच!”

डुकरिणीच्या कुंपणाला टेकून लोला लुमिंग फोनवर ओरडत होती. रेंज यायची ती नेमकी तिथंच. काखेत तिची चार वर्षांची नात मायुमी, अंगाने तापलेली. मागे थोरली लेक मेर्ली कपाळाला हात लावून उभी. आईला ती नानाय म्हणे.

“नानाय, पुरे गं! शिकलेल्या बाईला काय बोलतेस?”

“तू गप.”

झालं होतं असं. सकाळी याच डॉक्टरीणबाईंनी फोनवर मायुमीचं खरजेचं कोपर बघितलं, मलम सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, “काय गोड पोर आहे हो!” एवढं म्हणून फोन बंद. परक्या माणसाने कौतुक केलं की पोराला उसोग होतो, ताप चढतो, पोट फुगतं, हे मारिंदुके बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. कौतुक करणाऱ्याने आपली थुंकी अंगठ्याने पोराच्या पोटाला लावायची, की उतरलं. बाईंनी ते केलं नव्हतं, आणि दुपारी पोर फणफणली.

मेर्लीला तर आयतंच सापडलं. ती समुद्रापलीकडच्या लुसेना शहरातून आली होती तीच मायुमीला न्यायला. मायुमीची आई रोझलिन हाँगकाँगात दुसऱ्यांची पोरं सांभाळते; तिनेच थोरल्या बहिणीला सांगितलं होतं, तिथं धड डॉक्टर नाही, तुझ्याकडे घेऊन जा. पिशवी भरून दारात तयार होती.

“डॉक्टर नाही म्हणे! हा काय माझ्या हातात आहे डॉक्टर,” लोला सकाळीच ठणकावून म्हणाली होती. आता त्याच डॉक्टरशी तिचं भांडण जुंपलेलं.

पडद्यावर बाई जरा पुढे सरकल्या. “लोला, आधी ताप सांगा. पाणी पितेय? पोट दाबून बघा, मऊ आहे?”

लोलाने मुकाट्याने सगळं सांगितलं. बाईंनी वजन विचारून तापाचं औषध किती द्यायचं ते सांगितलं. “आणि दम लागला, पाणी पोटात ठरेना, तर मला फोन करत बसू नका. थेट दवाखाना गाठा.”

“गाठते. आणि उसोगाचं काय?”

“नानाय!” मेर्ली किंचाळली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि पडद्यावर टेकवला. “धरा पोटाशी. मी पण खेड्यातलीच आहे हो.”

लोलाने फोन मायुमीच्या उघड्या पोटाला लावला. डुकरीण फुरफुरली, आणि तापातही पोर खुदकन हसली.

उन्हं कलली तेव्हा ताप उतरला होता. मायुमी भाताची पेज मागून मागून खात होती.

“औषधाने उतरला,” मेर्ली म्हणाली.

“असेल. औषध पाजलं कुणी? अंगठा लावून घेतला कुणी? दोन्ही मीच ना? तू काय केलंस? पिशवी भरलीस!” लोलाने तीच पिशवी उचलून पेजेच्या पातेल्याशेजारी उपडी केली. छोटे छोटे फ्रॉक जमिनीवर पसरले. “पोर इथंच राहील. न्यायची तर आधी मला उचलून बोटीत घाल.”

तेवढ्यात रोझलिनचा फोन आला. पुन्हा तिघी कुंपणापाशी. मेर्लीने सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंच्या अंगठ्यासकट, आणि वर म्हणाली, “आता तूच सांग बाई तुझ्या आईला.”

रोझलिन पोरीकडेच बघत होती. “राहू दे तिला तिथंच,” ती म्हणाली. “नानाय बघतेय ना सगळं.”

लोलाने मेर्लीकडे असं पाहिलं, की झुंज जिंकलेल्या कोंबड्याच्या मालकानेही पाहू नये.

“मायुमी, इकडे बघ ना. अगं, किती सुंदर दिसायला लागलीस तू!” रोझलिन म्हणाली.

मायुमीने पेजेने माखलेला हात फ्रॉकला पुसला, फ्रॉक वर केला आणि शहाण्यासारखं पोट फोनपुढे धरलं.

  लोलाने फ्रॉक खसकन खाली ओढला.

“तुझी आई आहे ती, वेडे!” ती पोरीवर खेकसली. “आईला लावावं लागत नाही. आई काय परकी असते?”

पडद्यावर रोझलिनने ओला केलेला अंगठा तसाच धरला होता.