सॅल्व्हातोरेच्या नावानंतर

फिलोमेनाबाईंनी स्टुडिओचं जड दार असं ढकललं की कंट्रोल रूमच्या कोपऱ्यात टोपलीत निजलेली सुलेखाची तान्ही दीपा दचकून उठली.

"तू लावलंस ते! माणूस मेलाय, आणि तू बँडबाजा वाजवतेस?"

"मी हातसुद्धा लावला नाही," सुलेखा म्हणाली. दीपाला उचलता उचलता तिनं मागच्या कपाटाकडे मान वळवली. "ते नवीन मशीन आहे ना, त्यानं लावलं. दहा सेकंद आवाज आला नाही की आपोआप स्टेशनची धून सुरू होते."

"मशीन! आणि तू कशाला बसलीस इथे? शोभेला?"

तिकडे कोंचेत्ता आपल्या स्वयंपाकघरात मेणबत्ती लावून उभी असणार. आयुष्यभर न्यू जर्सीत विटा रचून गेलेल्या तिच्या नवऱ्याचं, सॅल्व्हातोरेचं, नाव रेडिओवर आलं, तिनं हात जोडले, आणि ट्रम्पेट वाजले.

दर रविवारी सकाळी इटालियन कार्यक्रमाच्या शेवटी फिलोमेनाबाई आठवड्यात गेलेल्यांची नावं वाचत. स्टेशन सरकारी मदतीवर चालणारं, तिथे प्रार्थना म्हणायला बंदी. मग बाईंनी वर्षानुवर्षं एकच केलं होतं. नाव घ्यायचं आणि गप्प बसायचं. घरोघरच्या म्हाताऱ्या तेवढ्यात आपापली प्रार्थना म्हणून घेत. प्रार्थना रेडिओवर नसायची, रेडिओ फक्त तिच्यासाठी जागा सोडायचा. आता ती जागाही गेली.

मॅनेजर डग कॉफीचा कप घेऊनच आत आला.

"हे बघ सुलेखा, आवाज गेला की लोकांना वाटतं स्टेशन बंद पडलं. ते बटण फिरवतात."

"हे लोक नाही फिरवत. ते प्रार्थना म्हणत असतात."

"मग म्हणू देत ना. खाली हळू पियानो सोड. किंवा नावं भराभर वाचायला सांग."

"भराभर?" सुलेखाचा आवाज चढला. "किराणा सामान आहे का ते?"

डगनं तिच्या खांद्यावरच्या दीपाकडे पाहिलं, मग कपाटाकडे.

"त्या मशीनला हात लावायचा नाही. बाळ आणू देतो मी तुला इथे. दुसरं कुठलं स्टेशन आणू देईल?"

तो हसून गेला. सुलेखा दीपाच्या पाठीवर थोपटत राहिली. हात मऊ होता, पण दातांवर दात घट्ट रुतले होते.

घरी तिनं दुधाच्या बाटल्या अशा घासल्या की तिचा नवरा प्रताप टीव्ही सोडून आत आला.

"जाऊ दे ना यार. रविवारचा पार्ट-टाइम जॉब. त्यांचं ते बघतील, आपलं काय जातंय?"

"आपलं?" ती वळली. हातातून साबणाचं पाणी गळत होतं. "बाबा गेल्याचा सांगलीहून फोन आला, तेव्हा आठवतंय? सगळे भेटायला आले. श्रीरामकाकांनी ग्रीन कार्डाचं काढलं, अनिलनं नव्या गाडीचं. मला बरं वाटावं म्हणून! एक माणूस गप्प बसला नाही रे माझ्याजवळ. तूही नाही."

प्रताप टॉवेल घेऊन बाटल्या पुसू लागला.

पुढच्या रविवारी फिलोमेनाबाई सुलेखाला न बघताच आत शिरल्या. कोट काढताना तेवढं बोलल्या,

"आज सॅल्व्हातोरेचं नाव पुन्हा घेणार. परत वाजलं तर मी उठून जाणार. कायमची."

गाणी झाली, बातम्या झाल्या, गावोगावच्या लग्नाच्या वाढदिवसांच्या शुभेच्छा झाल्या. दीपाची चुळबुळ सुरू झाली, मग कुरकुर. तिची दुधाची वेळ झाली होती. काचेपलीकडे बाईंनी चष्मा सारखा केला.

"सॅल्व्हातोरे."

आणि त्या थांबल्या.

सुलेखाच्या समोरचा आवाज मोजणारा काटा खाली पडला आणि निपचित झाला. मागे कपाटात मशीनचा हिरवा दिवा जागा होता. मशीनला हात लावायचा नाही. पियानोची टेप डगनं स्वतः आणून ठेवली होती, बोटाच्या अंतरावर. दीपानं रडायला तोंड वासलं.

सुलेखानं तिला पटकन छातीशी घेतलं, स्वेटर वर केला, आणि रिकाम्या हातानं टेबलावरचा स्वतःचा माइक, एरवी वेळ सांगायचा, ओढून जवळ घेतला. मग त्याचा आवाज चढवत नेला, शेवटपर्यंत.

काटा हलला. अगदी थोडा. दीपा घुटके घेत होती. एक घुटका, नाकातून एक श्वास, पुन्हा घुटका. काटा तिच्याबरोबर वर येत होता, खाली जात होता, पण निजत नव्हता. दहा सेकंद गेले. धून वाजली नाही.

बाईंनी कानावरचे हेडफोन हातानं दाबून धरले. काचेतून पाहिलं. मग नजर खाली वळवली आणि त्या गप्प राहिल्या, नेहमीपेक्षाही जास्त वेळ. मग पुढचं नाव. पुन्हा तेवढीच जागा. शेवटच्या नावाला दीपानं दूध सोडलं, तेव्हा सुलेखानं माइक बंद केला आणि समारोपाची रेकॉर्ड लावली.

फोनवर दोन दिवे एकदम लागले. एक आतल्या लाइनीचा, म्हणजे डग. सुलेखानं दुसरी लाइन उचलली. पलीकडे एका म्हाताऱ्या बाईचा आवाज इटालियनमध्ये ताडताड बोलत होता. तिला एक अक्षर कळेना. फिलोमेनाबाई कोटाची एकच बाही घातलेल्या तशाच आत आल्या आणि त्यांनी रिसीव्हर हातातून घेतला.

त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग तोंडावर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले.

"कोण?" सुलेखानं विचारलं.

"कोंचेत्ता. फार चिडलीय तुझ्यावर."

"माझ्यावर?"

"म्हणते, ती पोरगी दूध प्यायली ते सगळं ऐकलं मी. ढेकर का नाही काढली तिची?"

डगचा दिवा लुकलुकत होता. बाईंनी रिसीव्हर सुलेखाच्या खांद्याशी आणला आणि तसाच धरून ठेवला. सुलेखानं दीपाला खांद्यावर टाकलं, आणि दोघी ढेकर यायची वाट बघत उभ्या राहिल्या.