बेड की बेकु

स्टाफरूममधली पाय मोडकी खुर्ची जशी नव्या माणसाच्या वाट्याला येते, तसा संस्काराचा तास मनाली मॅडमच्या वाट्याला आला. "सर, मी बौद्ध. मला ही प्रार्थना कुठली येणार?" असं तिनं विचारूनही पाहिलं होतं. हेडमास्तर खूश झाले. "उत्तम! म्हणजे नि:पक्षपाती."

समोरच्या महापालिकेच्या शाळेत त्या वेळी खो-खो चालायचा, आणि तिथली पोरं काही जास्त खोटारडी निघाली नव्हती. पण ही शाळा खासगी. संस्थापक चनबसप्पांनी स्वतः रचलेली कानडी प्रार्थना डायरीच्या पहिल्याच पानावर देवनागरीत छापलेली, आणि तिची तोंडी परीक्षा दहा गुणांची.

मनालीला कानडी ओ की ठो येत नव्हतं. ती डायरीवर बोट ठेवून तपासायची. चौथीतली दानेश्वरी 'सुळ्ळु हेळबेकु'च्या जागी 'हेळबेड' म्हणाली, पुन्हा विचारल्यावर पुन्हा तेच म्हणाली. पाच गुण गेले.

दुसऱ्या दिवशी तिची आजी सुंदरम्मा दारात हजर. मनालीनं डायरी दाखवली. आजीनं ओळ वाचून घेतली आणि पदर तोंडात कोंबून हसत सुटली.

"बाई, सुळ्ळु म्हंजे खोटं. हेळबेड म्हंजे बोलू नको. आन् हेळबेकु म्हंजे बोलायलाच पायजे!"

"काय सांगता?"

"रोज सकाळी चारशे पोरं हात जोडून म्हणत्यात की, खोटं बोलायलाच पायजे!"

डायरी छापल्यापासून सहा वर्षं हेच चाललेलं. आणि चनबसप्पा रोज समोर उभे, डोळे मिटून, मान डोलवत.

मनालीनं घड्याळ पाहिलं. दोन वर्षांचं प्रोबेशन संपलं होतं. तिला कायम करायच्या आदेशावर चनबसप्पा आज चार वाजता सही करणार होते. इकडे एका पोरीचे पाच गुण, तिकडे सगळी नोकरी. पण ते पाच गुण तिनंच कापले होते. चार वाजता ती डायरी घेऊन निघाली. मागोमाग सुंदरम्मा. "मी येते की साक्षीला."

चनबसप्पांनी चष्मा चढवला, ओळ वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"छापणाऱ्याची चूक," ते म्हणाले.

"आन् ऐकणाऱ्याची, अण्णा?" सुंदरम्मा म्हणाली.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं! मुद्दाम ठेवलं. म्हटलं, बघू कोण पकडतंय."

"बघा बाई, सहा वर्षांत एकाला तरी प्रार्थना लागू पडली की!"

चनबसप्पांनी पेन आदेशावर आणलं आणि तिथंच थांबवलं. "मॅडम, तुम्हाला तरी पटतंय ना? मुद्दाम ठेवलं होतं?"

मनालीनं पेनाकडे पाहिलं. छापील प्रार्थनेप्रमाणे उत्तर सोपं होतं.

"नाही पटत, सर."

चनबसप्पांची नजर सुंदरम्माकडे वळली, आणि त्यांना आठवलं की ही बाई दर सोमवारी त्यांच्या बायकोच्या, चंद्रव्वाच्या शेजारी भजनाला बसते. आज सोमवारच होता.

त्यांनी सही केली. कागद मनालीकडे सरकवून आवाज खाली आणला. "सुंदरम्मा, हे चंद्रव्वाच्या कानावर घालू नको हं."

"मी कशाला घालू, अण्णा?" सुंदरम्मा पदर सावरत उठली. "पण तिनं इचारलंच, तर सुळ्ळु हेळबेड!"