कात्रीखालचं रशियन

मी एक पुस्तक बोलतोय. गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. माझ्यात गोड वाक्यांचं एक पान होतं, ते कापलं गेलं. जे उरलंय ते ऐकवतो. कडू लागलं तर पाणी प्या.

'रोजच्या बोलण्यापुरतं रशियन' असं माझ्या पाठीवर छापलेलं आहे. एका म्हाताऱ्या मास्तरांनी मला लिहिलं. प्रत्येक ओळीत तीन खण. पहिल्यात आपल्या भाषेतलं वाक्य, दुसऱ्यात तेच रशियन वाक्य आपल्या अक्षरांत, म्हणजे नवशिक्यालाही वाचता यावं, आणि तिसऱ्यात त्यांच्या अक्षरांत. मास्तर विद्यार्थ्यांना म्हणायचे, "अरे, व्याकरण ऐकून कोणी दार उघडत नाही. आधी चार वाक्यं बोला, मग खुशाल चुका." माणूस बरा होता. मला भेटलेला तेवढाच एक बरा माणूस, आणि तोही मला छापखान्यात सोडून गेला तो पुन्हा फिरकला नाही.

तुम्हा लोकांची भाषा शिकायची हौस मला चांगली ठाऊक आहे. नव्याचे नऊ दिवस. माझा पहिला मालक एका औषधाच्या दुकानात कामाला होता. पहिल्या पानावर त्यानं पेन्सिलीनं खुणाच खुणा केल्या, दुसऱ्यावर थोड्या केल्या, तिसऱ्यावर चहा सांडला आणि पुढची पानं कोरी करकरीत राहिली. आरशासमोर छाती काढून तो म्हणायचा, "मिन्या झावूत," म्हणजे माझं नाव, आणि पुढे आपलं नाव. नाव सांगून झाल्यावर काय बोलायचं ते त्याला सुचायचं नाही. मग त्यानं मला डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारलं. एक अख्खी भाषा पोटात घेऊन मी टेबल तोलत बसलो. त्याच्या बायकोनं मला रद्दीत घातलं तेव्हा मला अपमान वाटला नाही, सुटलो असंच वाटलं.

रद्दीच्या दुकानातून मला उचललं ते जहाजावर इंजिन सांभाळणाऱ्या एका माणसानं. त्याची बायको रशियन होती आणि तिला दिवस गेले होते. ती लवकरच इथे राहायला येणार होती, आणि हा तिला घरी पोचवून लगेच पुन्हा बोटीवर जाणार होता. घरी आई एकटी. आई बायकांचे कपडे शिवायची. सगळी गिऱ्हाइकं तिला मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणतो. त्यात प्रेम शोधू नका.

त्यानं मला तिच्या शिलाई मशीनवर ठेवलं.

"आई, हे तुझ्यासाठी."

"मला कशाला? तिला सांग आपली भाषा शिकायला. ती या घरात येतेय, मी नाही जात तिच्या घरात."

"ती शिकेलच गं. पण बाळ होईपर्यंत मी नसणार. घरात तुम्ही दोघीच. तिची आई तिला बाळंतपणाला तिकडेच बोलावतेय. ती मला म्हणाली, तुझ्या आईशी जमलं तर इथेच राहीन, बाळ इथेच वाढवू. नाही जमलं तर परत जाईन."

मशीनवरचे मावशीचे पाय थांबले.

"म्हणजे माझं नातवंड माझ्या मांडीवर खेळणार की तिच्या आईच्या, हे या चोपड्यावर ठरणार?"

"चोपड्यावर नाही. तुझ्या जिभेवर," मुलगा म्हणाला. पोरगं आईला ओळखून होतं.

त्या दिवसापासून मावशीनं दोन कामं एकदमच सुरू केली. उरलेल्या मऊ कापडाची झबली शिवायची आणि मला शिकायचं. झबली सुरेख व्हायची, शिवण कुठे टोचू नये म्हणून ती दुमडून आत घ्यायची. पण माझ्या पहिल्याच पानावर ती अडली. 'झ्द्रास्त्वुइत्ये', म्हणजे नमस्कार. दोनदा प्रयत्न केला आणि म्हणाली, "जिभेला गाठ मारून घ्यायची का आता?" भेटगाठ, चौकशी, ओळखपाळख, सगळी पानं तिनं अंगठ्यानं भराभरा उलटली आणि 'सूचना आणि मनाई' या पानावर येऊन थांबली. तिथली वाक्यं आखूड होती. तिचा चेहरा खुलला.

"हे कामाचं आहे," ती म्हणाली.

ब्लाउजचं माप द्यायला आलेली एक बाई हसली. "मावशी, आधी नमस्कार-चमत्कार तरी शिका."

"नमस्कार हातानं होतो. काम तोंडानं सांगावं लागतं."

आणि तिनं कात्री घेतली. कापडाची मोठी कात्री नव्हे. त्या कात्रीनं कागद कापला की धार जाते, तिला कोणी हात लावला तरी मावशी अंगावर धावून जायची. माझ्यासाठी तिनं पेटीतली गंजकी, बोथट कात्री शोधली. तिनं माझी एकेक ओळ चावत चावत कापून काढली आणि त्या पट्ट्या घरभर टाचल्या. दाराजवळ 'व्हीत्री नोगी', पाय पूस. शेगडीच्या वर 'बिस्त्र्येये', लवकर आटप. दिव्याच्या बटणाखाली 'व्हीक्ल्युची स्व्येत', दिवा बंद कर. पलंगाच्या उशाशी 'तीशे', आवाज नको. आणि मशीनच्या वर, भिंतीवर, 'न्ये त्रोगाय', हात लावू नको.

आता माझं दुखणं ऐका. मावशीचा सगळा जन्म कापडात गेला. कापडाला सुलट बाजू असते आणि उलट बाजू असते, आणि उलट बाजू कोणी बघायची नसते. तेच तिनं मला लावलं. पण पुस्तकाच्या पानाला उलट बाजू नसते हो! दोन्हीकडून मी सुलटच आहे. मास्तरांनी 'सूचना आणि मनाई'च्या पाठीमागेच 'आपुलकी आणि कौतुक' छापलं होतं. तिनं हुकूम कापले, त्याबरोबर दमलीस का, जवळ बस, घाबरू नको, छान झालंय, सगळं कापलं गेलं आणि भिंतीकडे तोंड करून लटकलं. पान उलटून बघायचे तिनं कष्ट घेतले नाहीत, आणि मला तिचा राग आला तो तेव्हापासून.

सून आली. उंच, पोट पुढे आलेलं, पाय सुजलेले. नवऱ्यानं सामान आत ठेवलं, दोघींना एकमेकींच्या हवाली केलं आणि त्याच आठवड्यात तो बोटीवर गेला. तोपर्यंत मावशीनं त्या पट्ट्या पेटीत दडवून ठेवल्या होत्या. तो गेल्यावर पुन्हा टाचल्या. दुपारच्या झोपेतून उठून सून बाहेर आली आणि तिनं आपल्याच भाषेत लिहिलेल्या भिंती वाचल्या. दार, शेगडी, दिवा, मशीन. वाचून झाल्यावर तिनं मावशीकडे जे पाहिलं, ते पाहणं कुठल्याही भाषेत कळलं असतं.

तीही काही गरीब गाय नव्हती. मावशी शिवलेले कपडे पोचवायला बाहेर पडली की ती टाचण्या काढायची आणि सगळ्या पट्ट्या उलट्या लावायची. मावशी परत आली की शेगडीवर 'दमलीस का?' असायचं आणि उशाशी 'घाबरू नको'. मावशी बघायची, पण वाचायची नाही.

"बघा, बघा," ती गिऱ्हाइकांना सांगायची, "मी लावलेलं उलटं करून ठेवते. दुष्टपणा नुसता. उलट्या बाजूनं कोणी काही लावतं का?"

आणि पट्ट्या पुन्हा फिरवायची. असं रोज चाललं. माझ्या वाट्याला आलेल्या सगळ्या मूर्खांत या दोघी वरच्या नंबरावर होत्या. एक वाचत नव्हती, आणि दुसरीला वाटत होतं की हिनं वाचलंय आणि तरीही ही बधत नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

सून मलाही चाळायची. तिसऱ्या खणात आपलं वाक्य शोधायची आणि पहिल्या खणावर बोट ठेवून मावशीसमोर धरायची. 'मला थंडी वाजते.' 'पाणी गरम मिळेल का?' मावशी चष्मा लावून वाचायची, पांघरूण आणून द्यायची, पाणी तापवायची. कामाला ती कधी कमी पडली नाही, हे मला कबूल करावं लागतं. पण पांघरूण टाकताना तोंडातून निघायचं ते, "घे. नीट धर. खाली लोळवू नको." सून ते ऐकायची आणि ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून बघायची. आपली भाषा तिनं माझ्याकडून नाही घेतली. घेतली ती मावशीच्या तोंडून, आणि मावशीच्या तोंडात जे होतं तेच तिला मिळालं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एके दिवशी मावशी एका झबल्याच्या गळ्याला बारीक टीप घालत होती. सून मागे येऊन उभी राहिली. तिनं वाकून ते कापड दोन बोटांत धरलं, आतली दुमडलेली शिवण चाचपली आणि पहिल्यांदाच या घरात मोकळं हसली.

"क्रासीवा," ती म्हणाली.

मावशीनं वर पाहिलं. "काय?"

"क्रासीवा!"

मावशीनं मला ओढलं आणि पानं उलटली. शब्द कुठून सापडणार? जिथे तो होता तिथे भोक होतं. भोकातून मागच्या पानावरचं आगगाडीचं वेळापत्रक दिसत होतं. मावशीच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुस्तकातसुद्धा नाही, म्हणजे काहीतरी वंगाळच बोलली असणार, असा तिनं हिशेब केला. सुनेनं तिचा चेहरा बघितला आणि तिला काय हवंय ते ओळखलं. ती हात लांब करून मशीनवरची 'न्ये त्रोगाय'ची पट्टी काढायला गेली. त्याच पट्टीच्या पाठीवर छापलं होतं, 'सुंदर, क्रासीवा'. ती फक्त उलटून दाखवायची होती.

मावशीला एवढंच दिसलं की पोरगी पुन्हा पट्टीला हात घालतेय. तिनं फाडकन त्या हातावर मारलं.

"न्ये त्रोगाय!" ती ओरडली. उच्चार अगदी मास्तरांना हवा होता तसा होता.

सून रडली नाही. ती आत गेली आणि सामान भरायला लागली. फोनवर ती आपल्या आईशी बोलली, मग नवऱ्याशी. तो जहाजावरून दोघींना समजावत राहिला, पण तिथून काय होणार? दोन दिवसांनी गाडी दारात उभी राहिली.

मावशी दाराच्या चौकटीत आडवी उभी होती. हातात झबल्यांची पिशवी. "अगं, हे तरी घेऊन जा," ती म्हणत होती. "थांब ना. बाळ होईपर्यंत तरी थांब. एवढ्या पोटानं कुठे जातेस? मी काय वैरीण आहे का तुझी?"

यातलं कुठलंच वाक्य सुनेनं या घरात कधी ऐकलं नव्हतं. तिला एकही शब्द कळला नाही. तिनं आपली बॅग उचलली, मावशीच्या डोळ्यांत पाहिलं आणि स्वच्छ, ठणठणीत, थेट मावशीच्याच सुरात म्हणाली,

"बाजूला हो."

मावशी बाजूला झाली.

त्या संध्याकाळी तिनं भिंतींवरच्या टाचण्या काढल्या. पट्ट्या माझ्यात परत ठेवायच्या म्हणून ती त्या हातावर सरळ करत होती, तेव्हा तिला मागची अक्षरं दिसली. 'दमलीस का?' 'जवळ बस.' 'घाबरू नको.' मशीनवरची पट्टी सर्वांत शेवटी. ती वाचली आणि मावशी झबल्यात तोंड खुपसून रडली. मला कीव आली असेल असं तुम्हाला वाटतंय? नाही आली. मला बरं वाटलं. मी तेवढ्यासाठीच भिंतीवर लटकलो होतो.

बाळ तिकडेच झालं. मुलगा झाला. मावशीच्या मुलानं कळवलं, "आई, तो तिकडेच वाढेल आता. तू फोनवर बोलत जा."

तेव्हापासून ही बाई मला सोडत नाही. पट्ट्या खळीनं चिकटवून तिनं मला इतकं जाड केलंय की मी मिटत नाही. तिला आता झ्द्रास्त्वुइत्ये येतं, स्पासीबा म्हणजे धन्यवाद येतं, तब्येतीची चौकशी येते. गिऱ्हाइकाचं माप घेताना ती आकडेसुद्धा रशियनमधून पुटपुटते. तिच्या डोक्यात सगळं बसलंय, आणि मी म्हणतो, आता बसून काय उपयोग? तुमच्यापैकी कोणाला असलं पुस्तक घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर टेबलाखाली घाला, तेही मी सोसलंय. पण घरात माणूस येणार म्हणून शिकत असाल, तर पहिल्या पानापासून शिका. जीभ अडखळते म्हणून पुढे पळू नका. एवढंच मागतो, आणि तेही तुमच्यावर विश्वास नसताना मागतो.

काल फोनच्या पडद्यावर पोरगा दिसला. आता चालायला लागलाय. फोन धरणारी सून पडद्यावर दिसत नव्हती.

"झ्द्रास्त्वुइत्ये," मावशी म्हणाली. न अडखळता.

पलीकडून सुनेचा आवाज आला. "बोल."

मावशीनं मला मांडीवर उघडलं होतं, 'लहान मुलांशी' या पानावर. ते पान तिनं कधी कापलं नव्हतं, कारण तेव्हा त्याची गरज पडली नव्हती. तिनं चष्मा सारखा केला आणि दोन्ही हात पडद्याकडे पसरले.

"इदी स्युदा," ती म्हणाली. इकडे ये. आणि मग तिचा आवाज फुटला, "इदी स्युदा, राजा. आजीकडे ये."

पोरानं या अनोळखी बाईकडे नीट पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली.

"न्येत," तो म्हणाला.

हा शब्द माझ्या पहिल्याच पानावर आहे. मावशीनं यावेळी पान उलटलं नाही.