मंगळावरची भाकरी

"लालबी कुठं हाय? कप्तानाला मंगळावर उपाशी ठिवून बसली व्हय घरी?" कस्तुराबाईने अंगणातूनच हसत विचारलं.

नबीलालने खांद्यावरची कापूस पिंजायची धनुकली ओट्याला टेकवली.

"गेली, वैनी. जुम्म्याला. तापानं."

कस्तुराबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

तिच्या लेकीच्या, सत्यभामाच्या लग्नाची गादी अर्धी शिवून पडली होती. नबीलालने पिंजायचं आणि त्याच्या बायकोने, लालबीने भरून शिवायचं, असं गावोगाव फिरून वीसेक वर्षं चाललं होतं. गेल्या खेपेला इथंच, जळकोटला, तिला कणकण आली आणि काम टाकून दोघं उमरग्याला परतले.

लालबी सांगत होती ती गोष्टही तिथंच थांबली होती.

उमरग्याच्या वाण्याकडे एक साप्ताहिक यायचं. त्यात आभाळ पालथं घालणाऱ्या एका कप्तानाचे पराक्रम असत. नबीलाल ते मनापासून वाचून दाखवायचा. लालबी टाका घालता घालता मधेच विचारायची, "आठ म्हयने आभाळात, मग भाकऱ्या कोन थापतंय? परसाकडं कुठं जातो?"

"अगं, तो शूर हाय."

"शूराला पोट नसतंय व्हय?"

मग तिने आपलाच कप्तान काढला. नाव वीरप्पा. मंगळावर आठ हातांच्या राक्षसांनी त्याला घेरलं, तर त्याने आधी प्यायला पाणी मागितलं. राक्षस रडायलाच लागले. त्यांच्याही विहिरी दुष्काळी भूम तालुक्यातल्यासारख्या आटल्या होत्या. वीरप्पाने आपली घागर पुढे केली, तीन दगड मांडून चूल पेटवली. पण लालबीच्या मंगळावर कशालाच वजन नाही. उलटायला गेला तर भाकरी तव्यावरून उठली आणि वर निघाली. राक्षस आठही हात वर करून तिच्या मागे धावले. गेल्या खेपेला ऐकायला जमलेल्या बाया इथं हसून लोळत असताना लालबीने सुई खाली ठेवली होती. म्हणाली, "थंडी वाजतीया."

आता नबीलालने सुई घेतली. थोड्या वेळाने सत्यभामा जवळ येऊन बसली.

"काका, पुढलं तुमीच सांगा. सासरी कोन सांगनार मला?"

त्याने घसा साफ केला. "मग वीरप्पानं बंदूक उपसली, आन् राक्षसास्नी..."

"बंदूक कशाला? काकी तर म्हनाली, ते पावणे हायत."

"बरं. मग त्यो इमानात बसून परत निघाला."

"उपाशीच?"

नबीलालने सुईत नवा दोरा ओवला. साप्ताहिकातला कप्तान त्याला तोंडपाठ होता. लालबीचा वीरप्पा पुढे काय करणार, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. ती सांगणारच होती.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," कस्तुराबाई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

दिवस कलायच्या आत गादी झाली. अर्धे टाके बारीक, अर्धे लांबलांब. सत्यभामाने लांब टाक्यांवरून हात फिरवला.

नबीलाल धनुकली घेऊन फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभा राहिला.

वीरप्पा मंगळावरच आहे. राक्षसांचे हात वर आहेत. भाकरी अजून खाली आलेली नाही.