सहा रविवार

टियागो सव्वीस वर्षांचा. पोर्तुगालहून आलेला, मिहानमधल्या विमानांच्या एका कारखान्यात इंजिनियर. बेसा रोडवरच्या सोसायटीत त्यानं पाचव्या मजल्यावर तीन खोल्यांचा फ्लॅट भाड्यानं घेतला. तिकडं तो दोघा मित्रांसोबत एका खोलीत राहायचा, शर्टाला स्वतः इस्त्री करायचा, उभ्या उभ्या पाव खायचा. इथं पोरगा फुलला. सकाळी ठेल्यावरचे तर्री-पोहे, जेवायला माझ्या हातची भाकर, शनिवारी न्हाव्याकडं दाढी आणि डोक्याची चंपी. व्हिडिओ कॉलवर आईला कपाट उघडून दाखवायचा. बारा शर्ट, सगळ्यांना कडक इस्त्री! मला त्याचं काही वाटलं नाही. सुख कोणाला नको असतं?

त्यानं मला दिवसभराच्या घरकामाला ठेवलं, म्हणून मी हातातली दोन घरं सोडली. आमचं बोलणं त्याच्या मोबाईलमधून चालायचं. तो त्याच्या भाषेत बोलायचा आणि मोबाईल बातम्या देणाऱ्या बाईसारखं मराठीत सांगायचा.

पहिल्याच आठवड्यात मोबाईल म्हणाला, "रविवारी येऊ नका. सुट्टी असते."

"कोणाची?" मी विचारलं.

"सगळ्यांची."

अकरा वर्षं मी लोकांच्या घरी राबते आहे. सुट्टी म्हणजे एक तर अंगात ताप, नाही तर घरात मयत. मला सहा रविवार मिळाले. रितिकाला, माझ्या पोरीला, घेऊन सकाळी विहारात गेले. नहाले आणि केस उन्हात वाळवले. दुपारी झोपले. दुपारी! जाग आली तर चोरी केल्यासारखं वाटलं.

मग टियागोनं कौतुकानं माझा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मी गॅसपाशी, हातात भाकर. खाली लिहिलं, 'आमच्या वंदनाताई. सोमवार ते शनिवार. रविवारी मी स्वतः शिजवतो आणि वाईट शिजवतो.' त्याला वाटलं लोक हसतील.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर काम करणारी काजल जिन्यात भेटली. "वंदे, म्या बी मॅडमले रविवार मागतला वं! थे म्हणे, तू काय पोर्तुगालची हायेस?" दोघी पोट धरून हसलो. पण मागणारी ती एकटी नव्हती. चार बायांनी मागितला.

शुक्रवारी सोसायटीचे सेक्रेटरी मधुकरराव वर आले. सोफ्यावर बसून टियागोशी इंग्रजीत बोलले. मी चहा ठेवला. सिस्टीम, हॅबिट, स्पॉईल, एवढं मला कळलं. मग माझ्याकडं वळले.

"काहून वं वंदना, बायांले चढवून राहिली?"

"म्या कोणाले नाई चढवलं. सुट्टी त्यायनं देल्ली."

"थो पाहुणा हाय. दोन वर्षांनी जाईन. आमाले इथंच राहाचं हाय."

"मले बी इथंच राहाचं हाय, साहेब."

त्यांनी कप तसाच ठेवला आणि गेले. टियागो आपल्या पायांकडं बघत होता. मग त्याचा मोबाईल बोलला, "मला इथल्या पद्धतीचा आदर करायचा आहे. या रविवारपासून या."

"तुमच्या देशात रविवारी तुमच्या घरी कोण राबते?"

"ते वेगळं आहे." मग तो जरासा हसला. "आणि रविवारचा नाश्ता मला जमत नाही."

त्या हसण्यानं माझ्या डोक्यात तिडीक गेली. इथली पद्धत! त्याला इथले पोहे आवडले, इथली चंपी आवडली, आणि बाईला सातही दिवस जुंपणंही आवडलं. वरून त्याला आदर म्हणायचं. मधुकररावांचं तरी बरं, ते तोंडावर नडतात. हा वाकून नमस्कार करून माझा दिवस घेऊन गेला.

रविवारी मी गेले नाही.

सोमवारी गेटवर वॉचमन धर्मेंद्रनं अडवलं. "ताई, तुमचं नाव कामवाल्यांच्या लिस्टमधून काढलं. मधुकररावांची ऑर्डर हाय." वर टियागोकडं आता काजल कामाला लागली होती, सातही दिवस. तिचा नवरा बांधकामाच्या सेंट्रिंगवरून पडला तेव्हापासून खाटेवर आहे. तिला मी शिवी देणार नाही. द्यायची तर वर बघून देईन, बाजूला बघून नाही.

टियागो खाली आला. माझा डबा आणि पगाराचं पाकीट घेऊन. मोबाईल म्हणाला, "माफ करा. तुम्ही माझ्या कुटुंबातल्यासारख्या होतात."

मी मोबाईल त्याच्या हातातून घेतला. पुस्तकातल्या मराठीत, एकेक शब्द सुटा करून बोलले, म्हणजे त्या यंत्राला पळवाट नको. "सुट्टी सगळ्यांची असते, हे तू मला सांगितलंस. मला ते माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. माहीत असून तू विसरलास, कारण इथे विसरणं स्वस्त आहे."

मोबाईलनं ते त्याच्या भाषेत सांगितलं. त्याचे कान लाल झाले. धर्मेंद्र रस्त्याकडं बघायला लागला. मी डबा घेतला, पाकीटही घेतलं. ते माझ्या घामाचं होतं.

रस्ता ओलांडून समोरच्या सोसायटीत कामाचं विचारलं. एक बाई खाली आली.

"काय काय येतं?"

"सगळं येते. पण रविवारी येनं होत नाई."

"मग दुसऱ्या पुष्कळ बायका आहेत."

"हायेत," मी म्हटलं. "त्यायले बी रविवारचं विचारून पाहा."