चादरीखालचा बंब

मी एक जुना सौरबंब आहे. सायप्रस बेटावरच्या एका गावात, मारूलाबाईंच्या गच्चीवर माझं सारं आयुष्य गेलं. उन्हाकडे तोंड केलेल्या दोन काचा, त्यांच्याखाली तांब्याच्या नळ्या आणि वर पाण्याची टाकी, एवढाच माझा देह. आमच्याकडे घर बांधलं की आधी गच्चीवर बंब चढतो, खिडक्यांचं मग बघतात.

मित्रांनो, मारूलाबाईंचे यजमान लोइझोस मला फार हौसेनं सांभाळायचे. वाळवंटाकडून लाल धूळ आली की फडकं घेऊन वर हजर! ईस्टरच्या आदल्या दिवशी लेक, जावई, नातवंडं आंघोळीला रांग लावायची आणि शेवटच्यालाही मी कढत पाणी द्यायचो.

"तुझ्या भावाच्या बंबापेक्षा माझा जास्त तापतो!" लोइझोस वरून ओरडायचे.

"मग त्याच्याशीच लग्न करायचं होतंस!" खालून उत्तर यायचं.

उन्हाळ्यात घर बंद करून गावाला जायचं, तर इथे बंबाच्या काचांवर पांघरूण घालतात. नाहीतर वापर नसताना पाणी उकळून आमचा जीव जातो. त्यावरूनही दर वेळी भांडण.

"माझ्या रुखवतातली चादर नेलीस तर बघ! आईनं हातानं विणलीय. ती फाटकी ने."

एका ऑगस्टमध्ये लोइझोसच्या छातीचं ऑपरेशन ठरलं. अँथूला नावाची त्यांची लेक दोघांना शहरात न्यायला आली. गाडी खाली थांबलेली असताना लोइझोस धापा टाकत वर आले. हाताला लागली ती चादर त्यांनी माझ्यावर टाकली आणि दोरीनं करकचून बांधली. "चार दिवसांत येतो रे," म्हणाले.

ते आले नाहीत. काही आठवड्यांनी मारूलाबाई एकट्याच परतल्या, शोकाचे काळे कपडे घालून. त्यांच्या गुडघ्यांना गच्चीचा जिना झेपत नव्हता, आणि चादरीचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मला ऊन दिसेना. पोटातलं पाणी गार पडलं. पाऊस येऊन गेला, कबुतरं अंगावर बसून गेली. आधी फार वाईट वाटायचं. मग तेही वाटेनासं झालं.

खाली मारूलाबाईंचंही तेच. ऐन जानेवारीत त्या गार पाण्यानं आंघोळ करत. पाणी तापवायचं विजेचं बटण दाराशेजारीच होतं, पण ते त्यांनी कधी दाबलं नाही.

"आई, बर्फासारखं पाणी आहे हे! आजारी पडशील."

"गार होतं का? मला कळलंच नाही गं."

नवऱ्याच्या अंत्यविधीलाही त्या रडल्या नव्हत्या. अँथूलाला त्याचीच धास्ती होती.

ईस्टर जवळ आला तशी ती तोफीस मिस्त्रीला घेऊन आली. "बंब म्हातारा झालाय. काढा आणि भंगारात टाका," ती म्हणाली. मी ऐकलं. मला काहीच वाटलं नाही.

तोफीस वर चढला आणि हसतच सुटला. "अहो मारूलाबाई, बंबाला काही झालेलं नाही! पांघरूण घेऊन झोपलाय नुसता!" त्यानं दोरी कापली आणि चादर खाली अंगणात टाकली.

मारूलाबाईंनी ती उचलली. विटलेली, कबुतरांनी घाण केलेली. कितीतरी वेळ त्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग मान वर करून गच्चीकडे ओरडल्या, "अरे चोरा! शेवटी माझ्या आईचीच नेलीस ना!"

वरून उत्तर आलं नाही. त्या वाट बघत राहिल्या. मग चादर पोटाशी धरून अंगणातच बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. अँथूला शेजारी बसली. तोफीस गुपचूप माझ्या काचा पुसत राहिला.

दुपारभर मी ऊन प्यायलो. संध्याकाळी मारूलाबाईंनी ती चादर धुवायला नळ सोडला. "आई गं! भाजलं!" हात झटकन मागे गेला. क्षणभरानं त्यांनी तो पुन्हा धारेखाली धरला.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी असं गार पडलं असेल. कामातून गेलं म्हणण्याआधी एकदा जिना चढून वर या, आणि अंगावर काय पडलंय ते बघा.